शहाण्णवावा दिवस

माझा भाचा न्यू जर्सीत असतो आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अमेरिकेचं वकीलपत्र त्याने स्वखुशीने घेतलेलं आहे. वकील न लावता स्वतःच लढणाऱ्या कुणाचा तरी नागरी हक्कांचा दावा मुदत चुकली म्हणून फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाने काढून टाकला, अशी बातमी तिकडून अधूनमधून येते, आणि ती आली की ग्रुपवर दोन तट पडतात. भाचा म्हणतो, "मामा, इथे डेडलाइन म्हणजे डेडलाइन. टॅक्स रिटर्न उशिरा भरला तर आम्हाला कोण सोडतं?" दुसऱ्या तटात बहुतेक कॉलेजातली पोरं. त्यांच्या मते कोर्टं विकली गेली आहेत, जज वर्णद्वेषी आहे, सगळं ठरवून चाललं आहे. तालुका कोर्टात तीस वर्षं वकिली करून बसलेल्या माझ्यासारख्याला दोघांचाही सारखाच राग येतो. एकाला मुदत ही सूर्योदयासारखी निसर्गाने नेमून दिलेली वाटते. दुसऱ्याला खलनायक हवा असतो आणि अशा बहुतेक प्रकरणांत तो सापडत नाही, कारण जज पुस्तकात लिहिलेलं असतं तेच करत असतो. ते पुस्तक उघडून बघायची तसदी मात्र दोन्हीकडचं कुणी घेत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुदती हव्यात, त्या पाळायला हव्यात आणि चुकल्या तर किंमतही मोजावी लागली पाहिजे. पण ती किंमत उशिराच्या मापाची हवी. सहा दिवसांच्या उशिरासाठी सबंध तक्रारच कायमची मारून टाकणं हे शिस्तीच्या नावाखाली खपणारं अन्यायाचं माप आहे. आणि "नियम सगळ्यांना सारखेच" हा जो त्यावरचा बचाव आहे, तो तर खुद्द नियमांसमोरच टिकत नाही.

सहा दिवस हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. अलाबामातल्या एका बाईची गोष्ट आहे. नोकरीत आपल्याशी भेदभाव झाला अशी तिची तक्रार होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली अशी तक्रार आधी समान संधी आयोगाकडे जाते, आयोग "आता तुम्ही दावा लावू शकता" असं पत्र देतो, आणि ते मिळाल्यापासून ९० दिवसांत कोर्टात जावं लागतं. तिचं पत्र २७ जानेवारी १९८१ चं. तिने काय केलं? ते पत्रच उचललं, कोर्टाला पोस्टाने पाठवलं आणि सोबत विनंती केली की मला वकील द्या. कोर्टाला ते १७ मार्चला पोचलं. मुदतीचे जवळजवळ निम्मे दिवस अजून शिल्लक होते. कोर्टाचं उत्तर निघालं १५ एप्रिलला: वकील हवा असेल तर आमच्या नमुन्यात अर्ज करा, प्रश्नावली भरा आणि लक्षात ठेवा, ९० दिवसांच्या आत दावाही दाखल व्हायला हवा. म्हणजे तिच्या ९० दिवसांतले एकोणतीस दिवस कोर्टाच्या टेबलावरच गेले. भरलेली प्रश्नावली परत आली ६ मे रोजी, पत्र हाती पडल्यापासून शहाण्णवाव्या दिवशी. दुसऱ्याच दिवशी वकिलाचा अर्ज नामंजूर झाला. रीतसर दावा दाखल झाला १३० व्या दिवशी. जिल्हा कोर्ट म्हणालं, मुदत संपली. आयोगाचं पत्र म्हणजे दावा नव्हे. वरच्या कोर्टाने ते फिरवलं. आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बाल्डविन काउंटी वेलकम सेंटरच्या खटल्यात तो निकाल पुन्हा फिरवून बाईचा दावा मेला तो मेलाच असं ठरवलं. काँग्रेसने घालून दिलेल्या कार्यपद्धतीच्या अटी एखाद्या पक्षकाराविषयीच्या मोघम सहानुभूतीपोटी बाजूला सारता येणार नाहीत, असं त्या निकालात लिहिलेलं आहे. भेदभाव खरोखर झाला होता का? त्याची तपासणी कोर्टाच्या कुठल्याच पायरीवर झाली नाही.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स, ब्रेनन आणि मार्शल यांनी त्यात असहमती नोंदवली. पण या तिघांना लगेच आपले म्हणून खांद्यावर घेऊ नका. त्यातले दोघे पुढे आपल्याविरुद्ध साक्षीला येणार आहेत.

विरुद्ध बाजूचं सगळ्यात पक्कं म्हणणं थर्गुड मार्शल यांनीच लिहून ठेवलं आहे. शाळांतला वर्णभेद मोडणारा ब्राउन खटला वकील म्हणून लढलेले हेच ते मार्शल. नेवाडातल्या एका कुटुंबाला खाणीच्या हक्काचे कागद ३१ डिसेंबरच्या "आधी" दाखल करायचे होते. सरकारी कचेरीतल्या माणसाने ३१ तारीख चालेल म्हणून सांगितलं, त्यांनी ३१ तारखेला दाखल केले आणि हक्क रद्द ठरला. १९८५ च्या त्या निकालात मार्शल म्हणतात की मुदत कुठलीही ठेवली तरी रेषेच्या जरा पलीकडे राहिलेल्याला ती निष्ठुर आणि मनमानी वाटणारच. पण मुदत या शब्दाला काही अर्थ उरायचा असेल तर ती लागू करावीच लागते. एक दिवस चालवून घेतला तर दोन का नको, दोन तर दहा का नको? या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊन भागत नाही. आमच्याकडे काय झालं ते मला ठाऊक आहे. मुदतमाफीच्या अर्जात कारण काय घालायचं, तर कावीळ. दाखला कुठल्या डॉक्टरकडून आणायचा, हेही ठरलेलं. अपिलाची मुदत संपत आली की तालुक्यात काविळीची साथ येते, असा आमच्या बाररूममधला जुना विनोद होता. सवलत सैल सोडली की ती आधी लबाडाला सापडते आणि गरजूला सगळ्यात शेवटी, हे मी बघितलेलं आहे. थोडंफार केलेलंही आहे.

प्रतिवादीचंही काही म्हणणं असतंच. ज्या पोलिसावर किंवा तुरुंगाच्या पहारेकऱ्यावर दावा लागतो तोही माणूस असतो. पाच-सात वर्षं डोक्यावर दावा लटकत राहिला, साक्षीदार पांगले, कुणाला काही आठवेनासं झालं, तर त्याला न्याय कुठून मिळणार? शिवाय जजने एका बाजूला सल्ला द्यायला सुरुवात केली तर तो पंच राहतो कुठे? आणि वकिलाशिवाय येणारे सगळेच पीडित नसतात. कागदांचे गठ्ठे दाखल करण्यात ज्यांचा जन्म जातो असे महाभाग प्रत्येक कोर्टाला माहीत असतात. फेडरल कोर्टांतल्या दिवाणी दाव्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात कुणी ना कुणी वकिलाविना असतो. एवढ्या मोठ्या रांगेत प्रत्येकाची अडचण बघत बसायला कारकुनांकडे वेळ नसतो, हेही खरं आहे.

आता दुसरे साक्षीदार, स्टीव्हन्स. १९९३ साली एका कैद्याचा दावा त्यांच्यापुढे आला. तुरुंगात आपल्यावर प्रयोग झाले अशी त्याची तक्रार होती, आणि फेडरल सरकारकडे रीतसर मागणी करून तिचा निकाल लागायच्या आधीच तो कोर्टात आला होता. उशिरा नव्हे, चार महिने लवकर! वाट बघून आला असता तर चाललं असतं. लवकर आला म्हणून दावा गेला, आणि तो जाईपर्यंत पुन्हा यायची मुदतही संपून गेली होती. स्टीव्हन्स यांनी एकमताचा निकाल लिहिला: वकिलाविना लढणाऱ्यांच्या चुका माफ व्हाव्यात अशा रीतीने दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांचा अर्थ लावावा, असं आम्ही कधीही सुचवलेलं नाही. हे वाक्य तेव्हापासून हजारो निकालांत चिकटवलं गेलं असेल. भाच्याला ते पाठ आहे.

इतकं सगळं मान्य करून मी पुन्हा त्याच जागी येतो, कारण या सगळ्या युक्तिवादात एक गृहीत धरलेलं आहे. धावायला उभ्या केलेल्या सगळ्यांची रेषा एकच आहे, असं ते गृहीत. तशी ती आहे का?

फेडरल दिवाणी कार्यपद्धतीचा नियम ६ घ्या. मुदतीचा शेवटचा दिवस कधी संपतो? इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल करणाऱ्यासाठी मध्यरात्री. इतर कुठल्याही मार्गाने दाखल करणाऱ्यासाठी कारकुनाची कचेरी बंद होण्याच्या वेळी. आता नियम ५ बघा. वकील असेल तर इलेक्ट्रॉनिक पद्धत हीच रीत. वकील नसेल तर कोर्टाने किंवा स्थानिक नियमाने परवानगी दिली असेल तरच. दोन्ही एकत्र वाचा. वकिलाचा "शेवटचा दिवस" घरी जेवून, कॉम्प्युटरसमोर बसून रात्री बारापर्यंत चालतो. त्याच दिवशी, त्याच कोर्टात, ज्याला ती परवानगी नाही त्याचा दिवस संध्याकाळी खिडकी बंद होताच संपतो, आणि तोही कामावरून रजा काढून, बस बदलून तिथवर पोचला तर.

टपालाचं गणित तर याहून मजेशीर आहे. वकिलाविना असलेल्याला विरुद्ध बाजूने कागद पोस्टाने पाठवला, की तो पेटीत टाकल्या क्षणी "बजावला" असं धरतात. उत्तराच्या मुदतीत फक्त तीन दिवस जादा मिळतात. त्याने स्वतः कागद पोस्टात टाकला, तर तो मात्र कोर्टात पोचेल तेव्हाच "दाखल". त्याला येणारं पत्र निघताच पोचतं आणि त्याच्याकडून जाणारं पत्र पोचल्यावरच निघतं! यातला क्रूरपणा कुणालाच दिसला नाही असं नाही. टेनेसीतल्या एका कैद्याने अपिलाची नोटीस मुदतीच्या तीन दिवस आधी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे दिली. ती कोर्टात पोचून शिक्का बसला तो एक दिवस उशिरा. तुरुंगातला माणूस पोस्टापर्यंत चालत जाऊ शकत नाही, म्हणून अधिकाऱ्याच्या हाती दिली तीच तारीख धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवलं. पाच विरुद्ध चार मतांनी. इतक्या साध्या गोष्टीला चार न्यायमूर्तींचा विरोध होता.

आता उलट बाजू. मुदत सरकारने चुकवली तर? दाव्याला उत्तर द्यायला इतरांना २१ दिवस, फेडरल सरकारला ६०. चला, सरकार मोठं आहे, फायली हलायला वेळ लागतो. पण साठ दिवसांतही उत्तर आलं नाही म्हणून सरकारविरुद्ध एकतर्फी निकाल लागतो का? नियम ५५ सांगतो की वादीने पुराव्यानिशी आपला हक्क कोर्टाची खात्री पटेल असा शाबित केला तरच. नेमकं हेच तर आम्ही मागतो आहोत! सरकारने मुदत चुकवली की कोर्ट म्हणतं, थांबा, पुरावा बघू. गरिबाने चुकवली की पुरावा बघायचं कारणच उरत नाही. कैद्यांच्या दाव्यांसाठी १९९६ साली काँग्रेसने वेगळा कायदा केला, त्यात तर याच्याही पुढची मजल आहे: कैद्याच्या दाव्याला उत्तर देण्याचा हक्क प्रतिवादी सोडून देऊ शकतो, त्यावरून त्याने काही कबूल केलं असं धरायचं नाही, आणि उत्तर दाखल झाल्याशिवाय कैद्याला कुठलीही दाद मिळायची नाही. कोर्टाने उत्तर द्यायला लावलं तर ठीक. नाहीतर एका बाजूने गप्प बसणं हा हक्क आणि दुसऱ्या बाजूने गप्प बसणं हा गुन्हा. आणि हो, नेवाडात असाच एक कैदी होता, त्याने दावा फेटाळण्याच्या अर्जावर म्हणणं दाखल केलं नाही. तिथला स्थानिक नियम म्हणत होता की म्हणणं न देणं म्हणजे अर्जाला संमती. त्याचा दावा त्याच्याच "संमतीने" गेला आणि १९९५ मध्ये वरच्या कोर्टाने ते कायम केलं.

मग "नियम सगळ्यांना सारखे" याचा अर्थ काय उरतो?

बरखास्तीआधी कसोट्या लावाव्यात असं काही कोर्टांनी ठरवलं आहे, हे मी नाकारत नाही. थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाने १९८४ मध्ये सहा कसोट्या सांगितल्या. पहिलीच अशी की चुकीला पक्षकार स्वतः किती जबाबदार आहे. ही आली कुठून? वकिलाच्या पापाची शिक्षा अशिलाला होऊ नये, या चांगल्या हेतूने. पण वकीलच नसला की ही कसोटी उलटी फिरते: तुमचा वकील तुम्हीच, म्हणजे सगळी जबाबदारी तुमची. ज्याच्याकडे दोष ढकलायलाही कुणी नाही, त्याच्यावर दोष पूर्ण वजनाने बसतो.

आता भाच्याच्या टॅक्स रिटर्नकडे येतो, कारण त्याचं उदाहरण चांगलं आहे, फक्त त्याने ते अर्धंच सांगितलं. रिटर्न उशिरा भरला तर अमेरिकेत थकलेल्या कराच्या दरमहा पाच टक्के दंड बसतो आणि तो पंचवीस टक्क्यांपर्यंत चढत जातो. वर व्याज. म्हणजे उशीर मोजला जातो आणि मोजून किंमत लावली जाते. रिटर्न सहा दिवस उशिरा आला म्हणून तुझं घर सरकारजमा झालं, असं कुणी म्हणत नाही रे बाबा. कोर्टाकडेही मधल्या पायऱ्या असतातच: खर्च भरायला लावता येतो, ताकीद देता येते, तो एक मुद्दा मांडायला मनाई करता येते. पण नियम ४१ प्रमाणे दावा चालवण्यात हयगय झाली म्हणून तो बरखास्त केला आणि कोर्टाने वेगळं काही नमूद केलं नाही, तर ती बरखास्ती गुणदोषांवर दिलेला निकाल समजली जाते. हे वाक्य दोनदा वाचा. ज्या दाव्याचे गुणदोष कुणी पाहिलेच नाहीत, तो गुणदोषांवर निकाली निघाला असं धरायचं! "पुन्हा दाखल करायला मुभा" असं लिहून दयाळू जजने सोडलं, तरी मधल्या काळात मूळ कालमर्यादा उलटून गेलेली असते, आणि मुभा कागदावर राहते. पोलिसी अत्याचाराच्या दाव्याला ही मर्यादा टेनेसीत एक वर्ष आहे, मेनमध्ये सहा वर्षं. संविधान तेच, हक्क तोच. निसर्गनियम असता तर तो टेनेसीत वेगळा आणि मेनमध्ये वेगळा कसा असता?

आणि रेषा हलत नाही असंही नाही. त्याच १९९३ साली, त्या लवकर आलेल्या कैद्याच्या निकालाच्या दोनच महिने आधी, सर्वोच्च न्यायालयापुढे एका दिवाळखोरी प्रकरणातले धनको आले होते. त्यांचा वकील अनुभवी होता, पण जुनी फर्म सोडण्याच्या धांदलीत त्याने मुदत चुकवली. दावे वीस दिवस उशिरा दाखल झाले. न्यायालयाने काय विचारलं? समोरच्याचं काही नुकसान झालं का, उशीर किती, कारण काय, हेतू चांगला होता का. आणि वीस दिवस माफ केले. दोन्ही प्रकरणं कायद्याने एकसारखी नाहीत हे मी वकील म्हणून मान्य करतो; दिवाळखोरीच्या नियमात "क्षम्य हयगय" असे शब्दच होते, कैद्याच्या कायद्यात नव्हते. पण मला दाखवायचं आहे ते एवढंच की "एक दिवस दिला तर दहा का नको" या प्रश्नाला ते चार प्रश्न हे चोख उत्तर आहे. ते विचारता येतात, त्यांची उत्तरं मिळतात, व्यवहार कोसळत नाही. कुणासाठी विचारायचे हे कायदा लिहिणाऱ्याने ठरवलेलं आहे, आणि ठरवलेली गोष्ट बदलता येते.

यंत्रणेच्या स्वतःच्या चुकीचं काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. ओहायोतल्या एका कैद्याला अपिलासाठी कायद्याने चौदा दिवस मिळू शकत होते. जजने आदेशात चुकून सतरा दिवसांनंतरची तारीख घातली. कैद्याच्या बाजूने जजच्या शब्दावर विसंबून सोळाव्या दिवशी अपील दाखल झालं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की जजला मुळात तो अधिकारच नव्हता, अपील गेलं. न्यायव्यवस्थेने माणसांना असं वागवणं असह्य आहे, असं न्यायमूर्ती सूटर यांनी विरोधी मतात लिहिलं. मोजायला जजही चुकतो आणि त्याला काही होत नाही. मग कायद्याचा गंध नसलेल्या माणसाने मात्र बिनचूक मोजावं, ही अपेक्षा आली कुठून?

ती फार जुनी आहे. रोमन कायदेपंडित गायस याने दुसऱ्या शतकात एक गोष्ट लिहून ठेवली आहे. एकाच्या द्राक्षवेली दुसऱ्याने तोडल्या. तो कोर्टात गेला आणि म्हणाला, माझ्या वेली तोडल्या. दावा हरला. का, तर बारा पाट्यांच्या जुन्या रोमन कायद्यात शब्द होता "झाडं", आणि ठरलेल्या वाक्यात "झाडं" हाच शब्द उच्चारायला हवा होता. गायस पुढे सांगतो की या अतिकाटेकोरपणामुळे ती पद्धत लोकांच्या डोळ्यात खुपू लागली आणि शेवटी बंद पडली. अमेरिकेतही १९३८ साली फेडरल नियम नव्याने लिहिले गेले ते जुन्या दावे-लेखनाच्या अशाच कसरतींना कंटाळून. त्यांचा पहिलाच नियम न्याय्य, जलद आणि कमी खर्चाच्या निवाड्याची भाषा करतो. आणि १९५७ मध्ये, रेल्वेतल्या काळ्या कामगारांच्या एका दाव्यात, न्यायमूर्ती ब्लॅक यांनी लिहिलं की वकिलाचं एक पाऊल चुकलं की डाव गेला, असा कसबाचा खेळ या नियमांना मान्य नाही. तो खटलाही नागरी हक्कांचाच होता. वकिलाचं चुकलेलं पाऊल माफ करायला निघालेले नियम वकीलच नसलेल्याच्या वेळी वेली आणि झाडं मोजत बसतात, याला काय म्हणायचं?

"मग वकील लावायचा ना," असं ग्रुपवर कुणीतरी म्हणतंच. फ्लोरिडाच्या तुरुंगातून एका कैद्याने पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावरून १९६३ मध्ये फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला वकिलाचा हक्क मिळाला. दिवाणी दाव्यात तसा हक्क नाही. कोर्ट एखाद्या वकिलाला "विनंती" करू शकतं, आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की विनंती म्हणजे विनंतीच, सक्ती करता येत नाही. खासगी वकील केव्हा येतो? भरपाईतून फी सुटणार असेल तेव्हा. शिकागोत तेरा पोलीस पहाटे एका काळ्या कुटुंबाच्या घरात घुसले, आईबापांना नागवं उभं केलं, घर उपसलं. सरकारी माणसाने हक्क तुडवले तर त्याच्यावर दावा लावू देणारा १८७१ चा कायदा नव्वद वर्षं निजलेला होता; तो त्या दाव्याने १९६१ मध्ये जागा केला. पण असल्या अपमानाची किंमत डॉलरमध्ये किती लावणार? पाय मोडला तर दवाखान्याचं बिल तरी असतं. रात्रभर विनाकारण कोठडीत ठेवलं, तर बिल कशाचं? जितका माणूस गरीब तितकी त्याची नुकसानभरपाई कमी, म्हणून वकील नाही. वकील नाही म्हणून मुदत चुकते. मुदत चुकली म्हणून दावा खोटाच असेल असा समज घट्ट होतो.

आपल्याकडचं सांगतो म्हणजे फुशारकी मारतो असं समजू नका, आमची काविळीची साथ मी आधीच कबूल केली आहे. तरी १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वकील गैरहजर राहिला म्हणून फेटाळलेलं अपील पुन्हा उभं केलं. वकील नेमून, फी देऊन खेड्यात परत गेलेल्या माणसाने वकिलावर पहारा करत बसायचं का, असा त्यातला प्रश्न होता. अमेरिकेने १९६२ मध्ये लिंक विरुद्ध वॉबॅश रेलरोड या खटल्यात बरोबर उलटं ठरवलं होतं: वकील तुम्हीच निवडलात, भोगा. तिहारमधल्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि १९७९ मध्ये तेच पत्र याचिका म्हणून चाललं. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या बायकांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ चा निकाल झाला. अलाबामातल्या बाईनेही पत्रच पाठवलं होतं. अर्थात उशिराबाबत उदार धोरण ठेवा असं सांगणारा आपला प्रसिद्ध १९८७ चा निकाल कुणाच्या अपिलात झाला, तर सरकारच्या, अनंतनागच्या भूसंपादन कलेक्टरच्या. दया आली ती आधी बलवानाला. ४२७ दिवस उशिरा आलेल्या पोस्ट खात्याला २०१२ मध्ये नकार मिळेपर्यंत सरकारने त्या उदारपणावर भरपूर हात मारून घेतला होता. म्हणून मी भाच्याला आमची पद्धत उचला असं म्हणत नाही.

मी मागतो ते फार थोडं आहे. वकील नसलेल्याची पहिली मुदत चुकली की दावा मारण्याआधी साध्या भाषेत एक ताकीद जावी, आणि पुढे काय होईल हे तिच्यात लिहिलेलं असावं. नाइन्थ सर्किटने कैद्यांच्या दाव्यांत एका टप्प्यापुरती तशी नोटीस १९८८ पासून बंधनकारक केली आहे, त्याने जज काही कुणाचा वकील झाला नाही. टपालाची तारीख दोन्हीकडे एकच धरावी. बरखास्त करायचंच तर त्या चार प्रश्नांची उत्तरं निकालात लिहावीत. सराईत दावेबाज यातून सुटणार नाही. तो मुदत कधी चुकवतच नाही, त्याला दुसरं काम काय असतं?

भाच्याने परवा विचारलं, "मामा, पण त्या बाईच्या केसमध्ये कोर्टाने नक्की वेगळं काय करायला हवं होतं?" मी म्हटलं, अलीकडे तिकडच्या कोर्टांच्या वेबसाइटवर नोकरीतल्या भेदभावाच्या दाव्याचा छापील नमुना असतो, रिकाम्या जागा भरायच्या आणि सही करायची. तसा एखादा नमुना १८ मार्च १९८१ ला, तिचं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाकिटात घालून तिला धाडला असता तरी बास होतं. त्या आठवड्यात अमेरिकेत साध्या पाकिटाला पंधरा सेंटांचं तिकीट लागत होतं.